खाल्लेलं अंगी लागेना

महिपतदादा शिवलकरांची एक चप्पल वाटेत राहिली आणि त्यांना ते कळलंच नाही. दुखण्याची सुरुवात तिथून झाली, असं आता म्हणता येतं. त्या दिवशी मात्र एसटीच्या थांब्यावर उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुली त्यांच्या पायांकडे बघून ओढणीआड हसल्या, तेव्हा कुठे त्यांनी खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती, डावा पाय अनवाणी. ते पाखाडीच्या चिरेबंदी पायऱ्या उतरून परत गेले. चप्पल अर्ध्या वाटेत उपडी पडली होती. ती पायातून निघाली कधी आणि त्यानंतर एवढा दगड पायाखाली आला, तरी टोचला कसा नाही, याचं त्यांना नवल वाटलं. पण एसटी चुकेल म्हणून ते घाईघाईने वर आले आणि ती गोष्ट विसरून गेले.

रत्नागिरीहून आरे-वाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या खाली, समुद्राच्या अंगाला त्यांची वाडी. तिथल्या बऱ्याच घरांतला एकेक पुरुष बोटीवर असायचा. महिपतदादाही मालवाहू बोटींवर खलाशी म्हणून उभी हयात फिरले. घर बोटीच्या पैशातून बांधलेलं. तीन खोल्या, पुढे पडवी, मागे नारळाची चार झाडं. बायको सखू चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा हर्षद बदलापूरला राहतो, वाशीला नोकरी करतो. सून मृणाली शाळेत शिकवते, नात सानवी पाचवीत आहे. गणपतीला आणि मे महिन्यात ती मंडळी येतात, चार दिवस घर बोलतं आणि मग पुन्हा गप्प होतं.

एकटा माणूस म्हटला की तो धड जेवत नसणार, असं लोक धरून चालतात. महिपतदादांच्या बाबतीत ते खरं नव्हतं. सखू असतानाही रविवारचं जेवण तेच करायचे. ती गेल्यावर त्यांनी चूल थंड पडू दिली नाही. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात आणि बांगड्याचं नाहीतर मांदेलीचं कालवण, रात्री भाकरी आणि कुळथाची पिठी. मासळी मिळाली नाही तर अंडं. शेजारची येसूबाई कधी डोकावली आणि "जेवलात काय दादा?" म्हणाली, तर ते टोपाचं झाकण उघडून दाखवायचे.

तरी अंग उतरत होतं. सदरे खांद्यावरून ओघळायला लागले. पाखाडी चढताना मध्ये दोनदा थांबावं लागायचं. जीभ लालभडक आणि गुळगुळीत झाली. स्वतःच्याच हातच्या कालवणाचा तिखटपणा तिला सोसवेना, म्हणून त्यांनी मिरची कमी केली. आणि पाय. पायांचं काय सांगावं? तळव्यांखाली कुणीतरी जाड घोंगडी अंथरली आहे आणि आपण रात्रंदिवस त्या घोंगडीवरूनच चालतो आहोत, असं त्यांना वाटायचं. रात्री पोटऱ्यांत मुंग्या चालायच्या. वयाचं आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. दुसरं सांगणार कुणाला?

उजेड असेपर्यंत पायाकडे बघत बघत ते नीट चालायचे. दिवेलागणीनंतर मात्र त्यांचा तोल जायचा. पाखाडी उतरताना ते एका बाजूच्या दगडी गडग्याला हात लावत, पाय फाकवून, चाचपडत यायचे. बोटीवर असताना वादळात, डेक आडवातिडवा होत असताना, हातात चहाचा मग घेऊन एक थेंब न सांडता ते चालले होते. आता जमीन हलत नव्हती आणि तेच हलत होते.

लोक ते बघत होते.

लोकांच्या बघण्यालाही एक मागचं कारण होतं. ऐन तारुण्यात महिपतदादा दारू प्यायचे. थोडीथोडकी नाही. बोटीवरून सुट्टीवर आले की महिनाभर रोज संध्याकाळी त्यांना कुणीतरी धरून घरी आणायचं. बरेचदा ते कुणीतरी म्हणजे छोटा हर्षद असायचा. बापाचा हात खांद्यावर घेऊन तो पोर पाखाडी उतरायचा आणि वाडीतले लोक आपापल्या पडवीतून बघायचे. हर्षद सातवीत असताना सखू त्याला घेऊन माहेरी चिपळूणला निघून गेली. महिपतदादा तिला आणायला गेले, तेव्हा तिने एकच अट घातली. ती त्यांनी पाळली. त्यानंतर एक थेंब नाही. बोटीवर सोबतचे चेष्टा करायचे, तरी नाही. सखूच्या तेराव्यानंतर घर रिकामं झालं, त्या दिवशीसुद्धा नाही.

श्रावणातल्या एका सोमवारी संध्याकाळी वाडीच्या देवळात भजन होतं. महिपतदादा झांज वाजवायचे. त्यांचा जुना मित्र आत्माराम मंडळाचा बुवा होता. दोघे शाळेपासूनचे. भजन संपलं, आरती सुरू झाली, सगळे उभे राहिले. कापूर पेटला. महिपतदादांनी नेहमीसारखे हात जोडले आणि डोळे मिटले.

डोळे मिटताच पायाखालची जमीन नाहीशी झाली. आपण उभे आहोत की कलतो आहोत, हेच त्यांना कळेना. पुढचं त्यांना आठवतं ते एवढंच, की समई आडवी झाली, तेल फरशीवर सांडलं आणि आपण त्या तेलात कोपरावर पडलो आहोत. दोघातिघांनी त्यांना उठवलं. उठवताना एकाने नाक त्यांच्या तोंडाजवळ आणलं. ते त्यांनी बघितलं.

"काय झाला?" आत्मारामने विचारलं.

"तोल गेला रे."

"कसा गेला?"

"काय म्हायत. डोळे मिटले नि गेला."

आत्मारामने वाकून समई उभी केली. तेल पुसायला फडका मागवला. मागे बायकांमध्ये कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "देवळात तरी..." आणि वाक्य तिथेच सोडलं.

पुढच्या सोमवारी महिपतदादा गेले, तेव्हा झांज दुसऱ्याच्या हातात होती. "तू बस जरा, दमलेला दिसतोस," आत्माराम म्हणाला. ते खांबाला टेकून बसले. त्याच्या पुढच्या सोमवारी ते गेले नाहीत आणि त्यांना बोलवायलाही कुणी आलं नाही.

त्यानंतर चार दिवसांनी हर्षदचा फोन आला. आधी पावसाची चौकशी झाली, सानवीच्या परीक्षेचं बोलणं झालं. मग तो घुटमळला.

"बाबा, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"परत सुरू केलीत का?"

महिपतदादा पडवीत बसले होते. समोर गडग्यावर शेवाळ वाढलं होतं.

"तुला कोण बोलला?"

"कोण ते राहू द्या. आई नाही, तुम्ही एकटे आहात, मी समजू शकतो. पण देवळात पडलात म्हणे..."

"मी पीत नाय, हर्षद."

"बरं."

हे 'बरं' त्यांच्या ओळखीचं होतं. पूर्वी ते उद्यापासून सोडतो म्हणायचे, तेव्हा सखू अगदी असंच 'बरं' म्हणायची. त्या वेळी ते खोटं बोलत असायचे. आता खरं बोलूनही तेच उत्तर मिळालं. "ठेवतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला. आठवड्याभराने कुरियरने शक्तिवर्धक पावडरचा मोठा डबा आला. आत मृणालीची चिठ्ठी होती, 'बाबा, जेवणाची आबाळ करू नका.' त्यांनी डबा फडताळात ठेवला.

मग त्यांनी संध्याकाळी बाहेर पडणंच सोडलं. माशांसाठी ते सकाळी लवकर जायचे, घ्यायचं ते घेऊन मान खाली घालून परतायचे. खाली बघितल्याशिवाय चालताच येत नव्हतं, पण लोकांना ती शरमेची मान वाटायची. येसूबाईचं डोकावणं कमी झालं. तिच्या घरात तरुण सुना होत्या. दारू प्यायलेल्या माणसाच्या पडवीत उगाच कशाला जायचं, असं तिला वाटलं असेल. दिवसचे दिवस त्यांचा आवाज त्यांच्या स्वतःच्या कानावर पडत नसे. एकदा मांजराला हाकलताना ते ओरडले आणि घशातून निघालेला आवाज ऐकून स्वतःच दचकले. कधीकधी चुलीसमोर उभं राहून आपण मीठ घातलं की नाही, हे त्यांना आठवायचं नाही. मग मनात यायचं, लोक म्हणतात ते खरं तर नसेल? आपण पितो आणि विसरतो, असं तर नसेल? एका दुपारी त्यांनी स्वतःच्याच घरातली फडताळं, माळा, न्हाणीघर, सगळं धुंडाळून पाहिलं. बाटली कुठेच नव्हती. तरी त्यांना हायसं वाटलं नाही.

भाद्रपद सरला, हर्षदची मंडळी गणपतीला दीड दिवस येऊन गेली. हर्षद बापाकडे सरळ बघत नव्हता. जाताना त्याने पाया पडून एवढंच म्हटलं, "काळजी घ्या."

दिवाळीनंतर एका सकाळी महिपतदादा मागच्या दारातून विहिरीवर जाऊन आले आणि चहाचं आधण ठेवून वळले, तर स्वयंपाकघराच्या फरशीवर रक्ताचे ठसे. दारापासून चुलीपर्यंत एकेक पाऊल स्पष्ट उमटलेलं. घरात कुणी जखमी माणूस शिरला की काय, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी स्वतःचा तळवा वर करून बघितला. कालवाच्या शिंपल्याचा तुकडा टाचेजवळ खोल रुतला होता. दुखत काहीच नव्हतं. त्यांनी तो उपटून काढला, तेव्हाही नाही.

या वेळी ते घाबरले. पाय फडक्याने बांधून ते एसटीने रत्नागिरीला गेले. स्टँडजवळच्या एका दवाखान्यात डॉ. तेजस्वी नागवेकर नावाची तरुण डॉक्टर बसत होती. तिने जखम धुतली, दोन टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. टाके घालताना तिने त्यांच्या चेहऱ्याकडे दोनदा बघितलं.

"काका, दुखत नाही?"

"नाय."

"किती दिवस झाले असं?"

"वर्ष झाला असेल. जास्तच."

तिने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि त्यांना प्रश्न विचारायला लागली. जीभ बघितली. पापणी खाली ओढून डोळे बघितले. दोन दातांचा काट्यासारखा एक लोखंडी तुकडा टेबलावर आपटून तिने त्यांच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला. "काय जाणवतंय?" काहीच नाही. घोट्यावर टेकवला. काहीच नाही. गुडघ्यावर टेकवला, तेव्हा कुठे बारीक थरथर कळली. महिपतदादांना बोट आठवली. इंजिन चालू आहे की बंद, हे त्यांना झोपेतसुद्धा तळव्यांतून कळायचं.

"आता पाय जुळवून उभे राहा आणि डोळे मिटा."

ते जागचे हलले नाहीत. "पडेन मी."

"मी धरलंय. मिटा."

त्यांनी मिटले आणि त्याच क्षणी ते कलले. तिने दोन्ही हातांनी त्यांना सावरून खुर्चीत बसवलं. मग लिहिता लिहिता तिने विचारलं, "दारू घेता?"

महिपतदादांचा चेहरा लाल झाला. "तुम्हाला पण तसाच वाटला ना?"

"मी प्रत्येकालाच विचारते, काका."

"पूर्वी प्यायचो. मुलगा लहान असताना सोडली. आता नाय."

"ठीक आहे. नाही," असं म्हणत तिने तसं लिहिलंही आणि पुढे विचारलं, "रोजच्या गोळ्या कुठल्या?"

तिने मान वर केली, तर म्हातारा सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत होता. तिला कारण कळलं नाही. टाक्यांनी दुखत असेल म्हणावं, तर पायाला संवेदना नव्हती. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि थांबली.

गोळ्यांचं विचारल्यावर त्यांना एकच आठवली. ते सकाळी उठल्याबरोबर पित्ताची गोळी घ्यायचे. बोटीवर असताना छातीत जळजळायचं, तेव्हा कुठल्यातरी डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली होती. बरं वाटलं म्हणून ती सुटली नाही. दुकानात नाव सांगितलं की मिळायची. किती वर्षं? सखू असतानाची, हर्षदच्या लग्नाच्याही आधीची.

रक्ताचा रिपोर्ट दोन दिवसांनी आला. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवलं.

"तुमच्या अंगात बी-बारा नावाचं जीवनसत्त्व जवळजवळ संपलंय. नसांना ते लागतं. ते नसलं की पायांची जाण जाते, तोल जातो, विसरायला होतं, जीभ सोलवटते. रक्तही कमी होतं."

"पण ते कशात असतं?"

"माशात, अंड्यात, दुधात."

महिपतदादा हसले. किती दिवसांनी, कोण जाणे. पण ते हसू चांगलं नव्हतं. "डॉक्टरीणबाई, मी रोज मासे खातो. कुणाला खरा वाटत नाय, पण खातो."

"मला खरं वाटतंय," ती म्हणाली. "खाता तुम्ही. ते अंगी लागत नाहीये. जे खातो त्यातून हे जीवनसत्त्व सुटं करायला पोटात आम्ल लागतं. वय झालं की बऱ्याच जणांच्या पोटाचं अस्तर झिजतं, आम्ल कमी होतं. त्यात तुम्ही इतकी वर्षं आम्ल कमी करणारी गोळी घेताय. मासा पोटात जातो, पण त्यातलं हवं ते रक्तात पोचतच नाही, तसंच पुढे निघून जातं. लोह आणि कॅल्शियमचंही थोडंफार तसंच होतं. तुमच्या वयाचे कितीतरी लोक ताटभर जेवतात आणि तरी आतून उपाशी असतात."

आतून उपाशी. महिपतदादांनी ते शब्द स्वतःशी पुटपुटले.

"आता वरून औषध खाल्ला तर तो तरी लागेल काय?"

"म्हणून आधी इंजेक्शनं. ती पोटाच्या वाटेनं जात नाहीत. सुरुवातीला दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. पित्ताची गोळी आपण हळूहळू कमी करू, तुम्ही एकदम बंद करू नका."

"पाय परत येतील?"

तिने रिपोर्ट बाजूला ठेवला. "चालणं सुधारेल. डोकं साफ होईल. तळव्यांची जाण पूर्ण येईल असं मी सांगू शकत नाही. थोडं आधी आला असतात तर..."

आधी यायला कुणी सांगितलं असतं? सगळ्यांना तर आधीच माहीत होतं काय झालंय ते.

त्या संध्याकाळी त्यांनी हर्षदला फोन लावला. डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही... पीत नव्हतात?"

"नाय."

"मग तेव्हा ठासून का नाही सांगितलंत, बाबा?"

"सांगितला होता. तू 'बरं' म्हणालास."

हर्षद रडत होता की काय, ते कळायला मार्ग नव्हता. थोड्या वेळाने मृणालीने फोन घेतला आणि सरळ म्हणाली, "बाबा, आमचं चुकलं. यांनी विचारायला नको होतं आणि मीही त्यांना अडवायला हवं होतं." महिपतदादा म्हणाले, "जाऊ दे, पोरी. सानवी जेवली काय?" आणि बोलणं दुसरीकडे गेलं. त्या आठवड्यात हर्षद एकटाच दोन दिवस येऊन गेला. बापाबरोबर दवाखान्यात बसला, इंजेक्शन देताना शेजारी उभा राहिला. परत निघताना तो नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ पायांवर वाकून राहिला. महिपतदादांना वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. तो उठला, चष्मा पुसला आणि रिक्षात बसला.

इंजेक्शनांनी गुण दिला. आधी जीभ बरी झाली, कालवणात मिरची परत आली. मग थकवा गेला. मीठ घातलं की नाही, ते लक्षात राहू लागलं. माघाच्या सुमाराला ते दिवेलागणीनंतरही गडग्याला हात न लावता पाखाडी उतरू लागले. पाय अजून बधिर होते, घोंगडी होती तिथेच होती. पण तिच्यावरून सरळ चालता येत होतं.

आणि वाडीने ते बघितलं.

शिमग्याच्या आधी पालखीचा कार्यक्रम ठरवायला देवळात बैठक होती. या वेळी बोलवायला स्वतः आत्माराम आला. महिपतदादा सभामंडपात शिरले, तसा एकाने उठून खुर्ची दिली. येसूबाईच्या सुनेने चहा आणून हातात ठेवला. बैठक सुरू होण्याआधी आत्माराम सगळ्यांसमोर उभा राहिला.

"पोरांनो, आमचा महिपत बघा. ह्या वयात मनावर घेतलान आणि सोडलान. सोपा नाय ते."

दोघातिघांनी माना डोलावल्या. कुणीतरी टाळीही वाजवली. आत्मारामच्या चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता. त्याला खरोखरच अभिमान वाटत होता आणि तेच महिपतदादांना सहन होईना. ते उठून उभे राहिले.

"आत्माराम, मी पीत नव्हतो रे. माझ्या अंगात जीवनसत्त्व कमी होता. बी-बारा. डॉक्टरांचा कागद हाय घरी, आणून दाखवतो."

"असू दे रे," आत्माराम मायेने म्हणाला. "झाला गेला. आता बरा हायस ना?"

"बरा हाय, पण..."

"मग झाला तर. बस. चहा निवतो."

बाजूच्याने हलकेच त्यांचा दंड धरून त्यांना खाली बसवलं. त्या हातात राग नव्हता, चेष्टा नव्हती. चुकलेल्या आणि सुधारलेल्या माणसाला जपावं, तसा तो हात होता. महिपतदादांनी सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा बघितलं. ही सगळी आपली माणसं. ती परत आली होती, पण जो माणूस परत आला असं त्यांना वाटत होतं, तो हा नव्हता. त्यांनी चहा प्यायला. चहा चांगला होता.

पालखीचा मार्ग ठरला, कुणाच्या घरी कधी थांबायचं ते ठरलं. झांज कोण वाजवणार, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही. बैठक संपल्यावर आत्माराम पाखाडीपर्यंत सोबत आला, आंब्याचा मोहोर यंदा बरा आहे म्हणाला आणि आपल्या वाटेला लागला.

घरी येऊन त्यांनी भात टाकला. तेवढ्यात हर्षदचा फोन वाजला.

"झाली का बैठक? काय ठरलं?"

"पालखी शनिवारी आपल्या दारात येईल. सानवीला घेऊन या."

"येतो. अजून काय म्हणाले सगळे?"

महिपतदादांनी भाताकडे बघितलं. पाणी उकळायला लागलं होतं.

"अजून काय नाय," ते म्हणाले आणि झाकण थोडं सरकवून ठेवलं.